तुझ्या थ्री नॉट थ्रीची कुंडली

खडकी, पुणे
१२ ऑक्टोबर

प्रिय मन्या,

फोटो पोचले. एकूण अकरा, त्यातल्या नवांत तू स्वतःच रायफल घेऊन उभा. लेका, मला तुझं पोट नको होतं, बोल्टच्या (गोळी भरायला मागेपुढे सरकवतात त्या खिटीच्या) दांड्याखालची पट्टी हवी होती! शेवटी दोन फोटोंत ती सापडली. भिंग लावून वाचली: मुकुट, खाली जी.आर.आय., मग इशापूर, १९४२ आणि मार्क थ्री स्टार. म्हणजे ‘अस्सल इंग्लिश’ म्हणून तू तिकडे जी मिरवतोयस ती बंगालच्या इशापूर कारखान्यातली आहे. जी.आर. म्हणजे जॉर्ज रेक्स, राजा जॉर्ज, आणि त्यातला ‘आय’ इंपरेटरचा, हिंदुस्थानच्या बादशहाचा. विलायतेत घडलेल्या रायफलीवर नुसतं जी.आर. असतं. मॅगझीनजवळ लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसतो का बघ. लाकूड तडकू नये म्हणून इशापूरवाले तो मारायचे. आणि बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का, तेही बघ. जुळत नसेल तर कुणा जाणकाराला दाखवल्याशिवाय ती हातातही घेऊ नकोस.

कुठे ‘डीपी’ अशी अक्षरं नाहीत ना? एनसीसीत आपल्याला परेडला मिळायच्या त्या डीपी, ड्रिलपुरत्या, फायरिंगसाठी बाद केलेल्या. तरी वजन पूर्ण चार किलो. उशिरा आल्याबद्दल ती डोक्यावर धरून तू मैदानाला तीन चकरा मारल्या होत्यास, विसरलास?

तू विचारलंस, मी का घेत नाही. अरे, इथे थ्री नॉट थ्री निषिद्ध बोअर (नळीच्या भोकाचं माप) आहे, आपल्यासारख्याला लायसन्स मिळत नाही. मिळते ती ३१५, तीही त्याच इशापूरची, बोल्टची ठेवणही तीच. फौजेच्या गोळीला चालणारी बंदूक लोकांच्या हाती नको, म्हणून इंग्रजांनी हे वेगळं बोअर चालू ठेवलं आणि आपण ते अजून पाळतोय. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं. दोनात कसला आलाय संग्रह? मामाकडे ३१५ आहे, रानडुकरं उसात घुसतात म्हणून घेतलेली. पण निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा, आणि आपल्याकडे कुठली ना कुठली निवडणूक लागलेलीच असते. डुकरांना आचारसंहिता नाही.

म्हणून मी आजूबाजूचं जमवतो. खांद्याचे पट्टे, पाच गोळ्यांच्या रिकाम्या क्लिपा, नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी. परवाच्या रविवारी जुन्या बाजारात एक बोटभर पितळी डबी दिसली. म्हातारा म्हणाला, अत्तरदाणी आहे साहेब, पेशवाईतली. झाकण फिरवलं तर आतून चिमुकला चमचा निघाला आणि चामड्याची वाळकी चकती. रायफलीच्या बटमध्ये, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडात, ठेवायची तेलाची बाटली! दीडशे रुपये दिले आणि पेशवाईबद्दल काही बोललो नाही.

आता या पत्राचं खरं कारण. त्या रायफलीबरोबर तुला गोळ्यांची जुनी पेटी मिळाली, गोळ्यांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ आहे असं लिहिलंस. मन्या, तो के म्हणजे किरकी. आमची खडकी! एफ म्हणजे फॅक्टरी. ती गोळ्यांची फॅक्टरी १८६९ पासून इथे आहे आणि आजोबा त्यात १९४१ ला लागले. कामाचं घरी बोलायचे नाहीत. पण उन्हाळ्यात आजी खाटेवर शेवया वाळत घालायची तेव्हा म्हणायचे, आमच्याकडेही असंच, फक्त तोंडात घालायचं नाही. ते कॉर्डाइटबद्दल, म्हणजे गोळीतल्या दारूच्या काड्यांबद्दल. ते निलगिरीतल्या अरुवनकाडूला व्हायचं. त्याच्या काड्या पितळी नळीत आधी भरायच्या आणि मगच नळीचं तोंड आवळायचं, कारण अरुंद गळ्यातून जुडगा आत जात नाही. आजोबांची बोटं जुडगा धरल्यासारखी जुळलेली मला आजही दिसतात.

पण तू त्यातल्या पाच उडवल्यास हे वाचून तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पाऊणशे वर्षांच्या गोळ्या त्या! कधी घोडा ओढल्यावर नुसतं टिक होतं आणि बार नंतर निघतो. तेवढ्यात बोल्ट उघडलास तर? आता उडवू नकोस. आणि रायफलीची नळी आजच्या आज धू. गोळीच्या बुडातल्या जुन्या कॅपमधल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून मागे मीठ राहतं, मीठ ओल धरतं आणि नळी आतून गंजते. तेलाने मीठ जात नाही. उकळतं पाणी ओत, फौजेत त्यासाठी खास नरसाळं असायचं. मग चिंदीने कोरडी कर, मग तेल.

उरलेल्या प्रत्येक गोळीच्या बुडाचा फोटो पाठव, सालाचे दोन आकडे स्पष्ट दिसतील असा. ४१ च्या पुढचं काहीही निघालं तर आईला दाखवायचंय.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुध्या

ता. क. बटच्या मागचं पितळी झाकण उघडून आत बोट घाल. तेलाची बाटली नसेल तर डिसेंबरात आलास की अत्तरदाणी घेऊन जा. चकती मी नवीन बसवून ठेवतो.