दुरुस्ती दुरून होवो, पण किल्ली आपल्याकडेच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापुरातल्या एका खत-बियाण्यांच्या दुकानाचे हिशेब मी लिहितो. गेल्या आषाढातली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता, मी शटर ओढायच्या बेतात होतो. तेवढ्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. माउसला कुणाचाही हात नव्हता. उधारीचं खातं उघडलं, मग एक फोल्डर. मी नेटची वायरच उपसून काढली.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. दोन वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम) टाकताना त्यात कायमचा पासवर्ड लावून ठेवला होता. तो असला की समोर बसलेल्याने परवानगी द्यावी लागत नाही, बाहेरचा माणूस थेट आत येतो. हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे तो काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या मुलाने दुसरंच दुकान समजून आमचा कॉम्प्युटर उघडला, आणि तो उघडलाही, कारण सगळ्या दुकानांना पासवर्ड एकच! नुकसान झालं नाही. पण त्या खात्यात शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर, कुणाचं किती थकलंय ते सगळं होतं. ती त्यांनी विश्वासाने सांगितलेली माहिती आहे.

ही सोयच नको, असं मी मुळीच म्हणत नाही. बेळगाव इथून २६ किलोमीटर. पावसाळ्यात माणूस यायला दोन दिवस लागतात आणि तोवर बिलं अडतात. कंपनीच्या मदत क्रमांकावर कन्नड नाहीतर इंग्रजी. आपला दुरुस्तीवाला मुलगा मराठीत 'तुम्ही नुसतं बघा, मी करतो' म्हणतो आणि दहा मिनिटांत काम होतं.

विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप या विंडोजच्याच सोयीने बाहेरून शिरता येत नाही, म्हणून असे प्रोग्रॅम टाकले जातात. प्रो आवृत्ती असेल तिथे काही जण राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, सरळ इंटरनेटला उघडं ठेवतात. हे फारच घातक. अशी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे त्याच वाटेने शिरतात.

दुरुस्तीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: कायमचा पासवर्ड लावणार असाल तर मालकाला सांगा, प्रत्येक दुकानाला वेगळा ठेवा, करार संपला की काढून टाका. एरवी दुरून मदत करायला विंडोजमधलं क्विक असिस्ट पुरतं. त्यात दर वेळी नवा कोड लागतो आणि 'परवानगी द्या' हे समोरच्यालाच दाबावं लागतं.

आपण बोलावलेला माणूस वेगळा आणि 'बँकेतून बोलतोय' म्हणत स्वतःहून फोन करून कोड मागणारा वेगळा. एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावावा.

आमच्या दुकानात आता काम झालं की तो प्रोग्रॅम मी स्वतः बंद करतो, आणि मगच त्या मुलाचे पैसे पाठवतो.

आपला,
एक हिशेबनीस, खानापूर