पात्याच्या जिगविषयी मित्रास पत्र

ह्यूस्टन,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी हाती पडले आणि तेव्हापासून त्याचे उत्तर मनात घोळते आहे. डॅलसला येऊन तुला अवघे चार महिने झाले, अजून घराची मांडामांड चालू आहे, आणि तरीही तू रॉड आणि रीळ विकत घेऊन तळ्यावर जाऊन आलास, हे वाचून मला फार आनंद झाला. रेवदंड्याच्या खाडीकाठी बोटाला तंगूस गुंडाळून संध्याकाळभर गरवत बसणारे आपण दोघे इतक्या वर्षांनी पुन्हा एकाच पाण्यावर उभे राहू शकू, असे मला वाटलेच नव्हते.

तू लिहितोस की सहा रंगांचे सहा ब्लेडेड जिग, म्हणजे पुढे धातूचे पाते असलेली गळाची कृत्रिम आमिषे, घेऊन तू दोन शनिवार लुईसव्हिल तळ्यावर घालवलेस, दर पंधरा मिनिटांनी जिग बदललास आणि एकही बास, हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, लागला नाही, तेव्हा हे आमिष खरोखर चालते की नुसता बाजाराचा गाजावाजा आहे, असे तू विचारतोस. चालते, आणि उत्तम चालते. माझी तुला एकच विनंती आहे : सहांपैकी पाच जिग घरी ठेव. या आमिषाची सगळी विद्या त्याच्या थरथरीत आहे. ती थरथर हाताला ओळखू येईपर्यंत रंग बदलून काही साधत नाही.

थरथर कशी निर्माण होते ते आधी सांगतो. शिशाच्या डोक्याचा साधा जिग असतो, त्याला रबरासारख्या तंतूंची झालर असते, आणि डोक्याच्या पुढे धातूचे एक षट्कोनी पाते जोडलेले असते. दोरा थेट डोक्याला न बांधता पात्याला लावलेल्या छोट्या कडीला बांधतात. ओढ बसली की पाणी पात्याला एका बाजूला ढकलते, पाते डोक्यावर आपटून अडते, मग दुसऱ्या बाजूला जाते, आणि हे इतक्या वेगाने घडते की संपूर्ण जिग डावीउजवीकडे थडथडू लागतो. माशाच्या कुशीवर दोन्ही बाजूंनी जी संवेदनशील रेघ असते तिच्यामुळे त्याला पाण्यातली हालचाल दुरूनच कळते. म्हणून पाणी गढूळ असो, आभाळ भरलेले असो किंवा वाऱ्याने पृष्ठभाग खवळलेला असो, बासला हा जिग दिसण्याआधी जाणवतो. उलट पाणी नितळ आणि निवांत असेल, वर लख्ख ऊन असेल, तर मी हा जिग सहसा काढत नाही.

ही कल्पना साउथ कॅरोलिनातल्या रॉन डेव्हिस या एकाच नावाच्या पितापुत्रांची. त्यांनी तिला चॅटरबेट असे नाव दिले. पुढे हे नाव त्याच राज्यातल्या झी-मॅन कंपनीकडे गेले, आणि आज लोक कोणत्याही कंपनीच्या पात्याच्या जिगला सर्रास चॅटरबेटच म्हणतात. तू ज्या जॅकहॅमरविषयी विचारतोस तो जपानच्या एव्हरग्रीन कंपनीने ब्रेट हाइट या बास-मासेमारीतल्या नामांकित स्पर्धकाच्या साहाय्याने घडवलेला जिग आहे. तो चांगलाच आहे, कारण त्याचे पाते अगदी संथ ओढीतही लगेच सुरू होते, पण एका जिगला सोळा-सतरा डॉलर मोजावे लागतात. गवतात पाच-सात जिग अडकून गमावल्याशिवाय हात तयार होत नाही, म्हणून पहिले दोन महिने त्याहून स्वस्त जिगवरच शिकावे, असे माझे मत आहे.

वजन ३/८ औंस किंवा १/२ औंस घे, म्हणजे साधारण साडेदहा किंवा चौदा ग्रॅम. तीन ते सहा फूट पाण्यात याहून वेगळे काही लागत नाही.

रॉडविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण इथेच माझे पहिले वर्ष वाया गेले. मी एक अतिशय ताठ रॉड घेतला होता आणि रिळावर वीण घातलेला, अजिबात न ताणला जाणारा दोरा भरला होता. धक्का बसला रे बसला की मी जोरात झटका देत असे. त्या वसंतात कितीतरी मासे क्षणभर लागले आणि सुटले, आणि त्यातला एक तर होडीच्या कडेपर्यंत आला होता, त्याचा हिरवट पट्टा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. कारण पुढे कळले. बास आमिषाला चावत नाही, तो जबडा एकदम उघडून पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. आपल्याकडचा जिताडा जसा दबा धरून बसतो आणि कोळंबी एका घोटात खेचतो, अगदी तसेच. अशा वेळी रॉड ताठ असला तर आमिष पुरते आत जाण्याआधीच आपण ते त्याच्या तोंडातून हिसकावून घेतो. रॉड मधोमध वाकणारा असेल तर तो वाकण्याइतकाच अवधी माशाला मिळतो आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात घट्ट बसतो. म्हणून सात फूट किंवा त्याहून दोनतीन इंच लांब, मध्यम-भारी ताकदीचा, पण चाल मऊ असलेला रॉड घे, शक्य झाल्यास कार्बनमध्ये काचतंतू मिसळलेला. रिळावर १७ पौंड ताण सोसणारा फ्लोरोकार्बनचा एकपदरी दोरा भर. गवत फारच दाट असेल तर वीण घातलेला दोरा कामी येतो, कारण तो गवताचे देठ कापतो, पण सुरुवात त्याने करू नकोस.

आता जागेविषयी. पात्याचा जिग हे पाणगवताचे आमिष आहे. टेक्सासच्या तळ्यांत हायड्रिला नावाची वनस्पती पाण्याखाली झुडपांसारखी वाढते. ती मूळची आपल्याच बाजूची, भारतातल्या तळ्यांत आढळणारी. १९५०च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात आली आणि तिथून पसरली. जलवाहतुकीला आणि पाणीपुरवठ्याला ती त्रासदायक ठरते, पण तिच्या कडेला लहान मासे लपतात आणि त्यांच्यासाठी बास येतो. तू ज्या दगडी बांधावरून फेक करत होतास तिथे या जिगला करण्यासारखे फार काही नव्हते, आणि त्याच्या उघड्या गळाला दगडांत अडकण्याची खोड आहे. तुझ्या घराजवळच्या बागेतल्या तळ्याला गवताची किनार असेल तर तिथूनच आरंभ कर. काठावरून सरळ तळ्याच्या मध्यावर न फेकता गवताच्या कडेला समांतर फेक, म्हणजे जिग शेवटपर्यंत माशांच्या घराजवळून जाईल.

पहिल्या दिवशी मासा धरण्याच्या नादी लागू नकोस. उथळ, स्वच्छ पाण्यात जिग पायाजवळून हळूहळू ओढ आणि पाते कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्या वेगाला थांबते ते डोळ्यांनी पाहा. मग डोळे मिटून तेच पुन्हा कर. दहा मिनिटांत तुझ्या तळहाताला पाते चालू असल्याची खूण पटेल, आणि पुढचे सगळे या एका खुणेवर उभे आहे. त्यानंतर लांब फेक कर, जिग तळाकडे जाऊ दे, मनगटाने एक छोटासा हिसका देऊन पाते जागे कर आणि जेमतेम ते चालू राहील इतक्याच संथ गतीने रीळ फिरव. रॉडचे टोक खाली ठेव. जिग गवताच्या शेंड्यांना घासत गेला पाहिजे. हाताला मऊ अडथळा लागला की गवत आले, असे समज. तिथे थांबून वैतागू नकोस, मनगटाने झटकन ओढून जिग सोडव. गवतातून सुटलेला जिग दचकलेल्या माशासारखा उसळी मारतो, पाते पुन्हा थडथडू लागते, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक बास नेमक्या या क्षणी लागले आहेत.

मासा लागल्याची खूण दर वेळी जोरदार धक्क्याचीच असेल, असे मानू नकोस. पुष्कळदा चालू असलेली थरथर एकाएकी बंद पडते, इतकेच. मासा मागून येऊन जिग तोंडात घेतो आणि आपल्याच दिशेने पोहत राहतो, त्यामुळे दोरा सैल पडतो. रेवदंड्याला तुझे काका म्हणायचे की तंगूस हलका झाला तरी ओढ, ते इथे शब्दशः खरे ठरते. अशा वेळी वर झटका न देता रीळ भराभर फिरवून दोऱ्यातला ढिलेपणा काढ आणि रॉड आडवा, एका लांब ओढीने, कमरेच्या बाजूला ने.

रंगाचे मी थोडक्यात आटोपतो. हिरवट तपकिरी रंग बाराही महिने चालतो, मासे शॅड नावाच्या लहान चंदेरी माशांच्या थव्यांमागे असतील तेव्हा पांढरा, फार गढुळात काळा-निळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेक्सासमध्ये लाल रंगावर लोकांची श्रद्धा आहे, कारण या दिवसांत बास गवतातले क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांगीवाले कोळंबीसारखे जीव, खातो, आणि ती श्रद्धा मलाही पटलेली आहे.

गळावर मागे जो मऊ रबरी मासा ओवतात, ज्याला ट्रेलर म्हणतात, तो अगदी सरळ ओवला गेला पाहिजे. किंचित तिरपा बसला तरी जिग एका कुशीवर पडतो. शेपूट फार हलवणारा ट्रेलर थरथर मंदावतो, म्हणून सडपातळ मासळीच्या आकाराचा घे. झी-मॅनचे ट्रेलर वेगळ्या, अतिशय चिवट पदार्थाचे असतात, ते इतर कंपन्यांच्या रबरी आमिषांबरोबर एका डबीत ठेवू नकोस, नाहीतर दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतील. मासा धरल्यावर किंवा जिग लाकडावर आपटल्यावर पाते वाकते, मग जिग एकाच बाजूला पळू लागतो, तेव्हा पक्कड घेऊन पाते हलकेच सरळ कर. आणि गाठीजवळचा हातभर दोरा बोटांतून ओढून पाहत जा. खरबरीत लागला तर कापून गाठ नव्याने मार.

परवान्याबाबत एक लक्षात ठेव. टेक्सासचा रहिवासी म्हणून परवाना मिळण्यासाठी सलग सहा महिने इथे राहिलेले असावे लागते, तोपर्यंत तुला बाहेरच्या राज्यातल्या माणसाचा परवाना घ्यावा लागेल. हे तू केले असशीलच, तरी लिहून ठेवतो.

आता तुझ्यासाठी ठरवलेला बेत. तुझ्यापासून दीड-दोन तासांवर पूर्वेला लेक फोर्क आहे, सुमारे २७ हजार एकरांचे तळे, बुडालेल्या झाडांचे आणि गवताचे. टेक्सासचा राज्यविक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२च्या जानेवारीत तिथेच मिळाला. तिथे १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास पाण्यात परत सोडावा लागतो, आणि मला हा नियम मनापासून योग्य वाटतो, कारण मोठे मासे टिकले ते त्यामुळेच. मार्चच्या मध्यावर पाणी साधारण ६० अंश फॅरेनहाइटच्या घरात येते, अंडी घालण्याआधीचा बास उथळ गवताकडे सरकतो, आणि पात्याच्या जिगसाठी वर्षातला याहून चांगला काळ मला ठाऊक नाही.

मी शुक्रवार, १४ मार्चला संध्याकाळी तुझ्याकडे पोहोचेन. होडी मी भाड्याने ठरवून ठेवतो. परतताना तिला चिकटलेले गवत काढून सगळे पाणी ओतून टाकावे लागते, नाहीतर साल्व्हिनियासारख्या तणाची लागण एका तळ्यातून दुसऱ्यात होते, तेव्हा त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवू. तू तोवर रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा बागेतल्या तळ्यावर जा आणि मी सांगितलेले डोळे मिटून ओढण्याचे काम कर. येताना एकच जिग आण, हिरवट तपकिरी. वहिनींना सांग की शनिवारचा डबा पहाटे साडेचारला लागेल, आणि त्यात तांदळाची भाकरी असली तर फार बरे होईल.

मुलीला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
खाडीकाठचा सोबती