शेवटची चार अक्षरं

मिरज,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय वसू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तुझ्या एका वाक्यापाशी अडकून बसले होते, म्हणून उत्तर लांबलं. ‘कविता वाचायची कशी, हे मला अजून कळत नाही,’ असं लिहिलंयस. अगं, कॉलेजात मलाही कळलं नव्हतं. मध्यवर्ती कल्पना, प्रतिमा, रसग्रहण, सगळं आपण परीक्षेपुरतं लिहून आलो. कळायला लागलं ते यंदा, बोटांवर अक्षरं मोजताना.

हे मोठ्यानं म्हणून बघ:

सुंदर तें ध्यान उभे विटेवरी ।
कर कटावरी ठेवोनियां ॥

लहानपणापासून ऐकतोय आपण तुकोबांचा हा अभंग, पण कधी मोजला होतास? सहा, सहा, सहा आणि चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, जोडाक्षर एकच धरायचं. मात्र ‘सुंदर’ची अक्षरं तीन. एरवी आपण तो ‘र’ अर्धाच उच्चारतो, इथे पुरा म्हणावा लागतो. ‘कर’मधलाही तसाच. रोजच्या घाईत गिळलेले सगळे ‘अ’ अभंग आपल्याकडून परत मागून घेतो. हे लक्षात आल्यापासून मी कुठलीही कविता मनात वाचत नाही, ओठांनी वाचते.

आणि ते शेवटचं चरण! सहाची सवय लागलेला कान आणखी दोन अक्षरांची वाट बघतो आणि तिथे काहीच येत नाही. भजनात तेवढी जागा टाळ भरून काढतात. ‘ठेवोनियां’, म्हणजे ठेवून. ठेवून पुढे काय? काही नाही, तो नुसता उभा आहे. त्या न आलेल्या दोन अक्षरांत मला विठ्ठलाचं ते उभं राहणं दिसतं.

बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली, त्या गेल्यानंतर. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ मोजून बघ, आठ आणि आठ. अक्षरओळख नाही, पण अक्षर चुकत नाही! माप कानात होतं, हातातल्या कामात होतं.

आता माझं. बाबांची लांब दांड्याची काळी छत्री तुला आठवत असेल. तिच्याखाली आपल्या दोघींना शाळेत सोडायचे आणि स्वतः एका खांद्यानं भिजायचे. ती अजून दाराशेजारी टांगलेली आहे. त्यावर आधी दोन पानं लिहिली. खूप रडले, पण कविता झाली नाही. मग अभंगाच्या मापात बसवायला घेतलं, तेव्हा पानंच्या पानं गळाली. उरलं ते असं:

आषाढ लागला, छत्री खुंटीवरी ।
वाट पाहे घरी बाबांचीच ॥

माप बरोबर, यमकही बसलं. तरी दोन दिवस ते ‘बाबांचीच’ खुपत राहिलं. सगळं सांगून टाकल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना शब्द आला आणि मी सुरी खाली ठेवली:

वाट पाहे घरी कोरडीच ॥

वसू, बाबांचं नाव गाळलं आणि बाबा आले. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता, आणि रडूही त्याच क्षणी आलं.

‘खुंटीवरी’ मात्र जुन्या वळणाचं झालंय का? मला ते ‘विटेवरी’च्या शेजारचं वाटतं म्हणून ठेवलंय. तू मोठ्यानं म्हणून बघ आणि खरं काय ते सांग. पुढच्या ओळीची सहा अक्षरं आली आहेत: ‘काड्यांवर गंज’. दुसरं-तिसरं चरण अजून यायचंय.

काकूंना नमस्कार.

तुझी,
मंगल