गस्ती नौका क्रमांक 102

माझगाव, मुंबई
दि. 19 जानेवारी 2025

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फिलिपाइन्सच्या लुझॉन बेटाच्या पश्चिमेकडून तुमचा टँकर वर जपानकडे निघालाय, असं तू कळवलंस. जाता जाता विचारलंस, दुसऱ्या महायुद्धात एवढं बलाढ्य आरमार असून जपान पाण्यावर हरला कसा? एका ओळीत सांगायचं तर, तेल घरी पोचेना म्हणून. पण ही एक ओळ लिहून गप्प बसणं मला जमणार नाही. गेले काही आठवडे एका जहाजाने मला झपाटलंय. ते जहाज तू आत्ता चाललायस त्याच पाण्यात तेलाच्या जहाजांची राखण करत होतं. जपानी आरमारात त्याचं नाव होतं गस्ती नौका क्रमांक 102. काम पाणबुड्या हुडकायचं आणि काफिल्यांना सोबत करायचं. आणि ते जपानी नव्हतंच, अमेरिकन होतं.

मूळ नाव 'स्टुअर्ट'. 1920 साली फिलाडेल्फियात पाण्यात उतरलेली, चार धुराड्यांची विनाशिका. उमेदीचा बराचसा काळ तिने आशियातल्या अमेरिकन आरमारात काढला, चीनची बंदरं आणि फिलिपाइन्स यांच्यात फेऱ्या मारत. 1923 मध्ये जपानात मोठा भूकंप होऊन योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा मदतीला गेलेल्या जहाजांत ही होती. हे वाचून मी जरा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

मग 1942चा फेब्रुवारी. 19 आणि 20 तारखेच्या मधल्या रात्री बालीजवळ बाडुंगच्या सामुद्रधुनीत तिची जपानी विनाशिकांशी गाठ पडली. गोळे बसले, सुकाणूच्या यंत्राची खोली पाण्याने भरली. दोन फूट पाण्याखाली ते यंत्र चालत राहिलं आणि जहाज स्वतःच्या बळावर जावातल्या सुराबायाला पोचलं. तिथे 22 तारखेला त्याला दुरुस्तीसाठी तरंगत्या गोदीत घेतलं.

पुढचं तुला मी वेगळं समजावून सांगायला नको. आपण दोघं ज्या गोदीत शिकाऊ म्हणून लागलो, तिथे पहिल्या आठवड्यात काय बजावलं होतं? पाणी उपसण्याआधी जहाज ब्लॉकवर नीट बसलंय का ते बघा, टेकू पक्के आहेत का ते बघा, बाकी सगळं नंतर. स्टुअर्टचे टेकू पक्के नव्हते. गोदी वर उचलली जाऊ लागली, जहाज ब्लॉकवरून घसरलं आणि डाव्या कुशीवर कलंडलं. प्रॉपेलरचे शाफ्ट वाकले. लढाईतून जिवंत आलेलं जहाज दुरुस्तीच्या जागीच जायबंदी झालं. जपानी फौजा दाराशी आलेल्या, सरळ करायला सवड नाही. 2 मार्चला बंदर सोडण्याआधी ते आत सुरुंग लावून उडवलं, त्यात भर म्हणून एक जपानी बॉम्बही नेमका मध्यावर पडला, आणि गोदीसुद्धा बुडवून टाकली. अमेरिकेने त्याच महिन्यात स्टुअर्टचं नाव आरमाराच्या यादीतून काढलं. पुढे ते नाव एका नव्या जहाजाला दिलंही.

आता तूच सांग, कलंडलेलं, शाफ्ट वाकलेलं, आतून उडवलेलं, वर जवळजवळ वर्षभर खाऱ्या पाण्याखाली राहिलेलं बावीस-तेवीस वर्षांचं जहाज कोण बाहेर काढेल? आपल्याकडे ते थेट भंगारात गेलं असतं. जपान्यांनी ते फेब्रुवारी 1943 मध्ये वर काढलं, दुरुस्त केलं, पुढची दोन धुराडी एकात जोडली, पाठीवर डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, चढवले आणि 20 सप्टेंबर 1943 रोजी कामाला जुंपलं. सुराबायाच्या ज्या कामगारांनी हे केलं त्यांच्या हातांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण सुहास, नमस्कार करतानाच लक्षात येतं की ज्या आरमाराला असलं काम हाती घ्यावं लागतं, त्याची झोळी फाटलेली असते.

आणि ती फाटलेलीच होती. जपानने युद्ध सुरू केलं तेच मुळी अमेरिकेने तेल तोडलं म्हणून. बोर्निओ, सुमात्रा जिंकून तेलाच्या विहिरी ताब्यात घेतल्या. पण विहिरीपासून घरापर्यंतचा हजारो मैलांचा समुद्र कोण राखणार? डिसेंबर 1941 मध्ये त्यांच्याकडे 'काइबोकान' म्हणतात त्या प्रकारची रक्षक जहाजं होती फक्त चार. तीही मूळ उत्तरेकडच्या कुरील बेटांजवळ मासेमारीच्या गस्तीसाठी आखलेली. पाणबुडीविरोधी जहाज म्हणावं तर सुरुवातीला त्यांच्यावर वीसदेखील डेप्थ चार्ज नव्हते. सगळा पैसा, सगळं पोलाद आणि सगळी हुशार माणसं निर्णायक लढाईच्या स्वप्नात अडकलेली. मालवाहू जहाजांची राखण हे कमी प्रतीचं काम, हा समज मला त्या आरमाराचा सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो, आणि त्याची शिक्षा भोगली खलाशांनी.

खलाशांनीच नव्हे. जानेवारी 1943 मध्ये न्यू गिनीच्या उत्तरेला 'बुयो मारू' नावाचं जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. सोबत रक्षक जहाज एकही नव्हतं. त्या जहाजावर पंजाब रेजिमेंटचे 491 भारतीय युद्धकैदी होते. त्यातले 195 गेले. आपल्याकडे कुणाला हे माहीत तरी आहे का?

काफिल्यांसाठी वेगळं मुख्यालय स्थापन झालं तेच नोव्हेंबर 1943 मध्ये, म्हणजे युद्धाला दोन वर्षं होत आल्यावर. मग घाई सुरू झाली. गोल वळणाचे पत्रे टाकून सपाट पत्र्यांची, नावाऐवजी नुसत्या क्रमांकाची लहान रक्षक जहाजं भराभर बांधली. त्यातल्या बऱ्याच जहाजांचा वेग सोळा-सतरा नॉट. अमेरिकन पाणबुडी पाण्यावर वीसने धावायची! ज्याला पकडायचं तोच पुढे. शिवाय रडार अमेरिकनांचं सरस.

आणि एक गोष्ट तुला खास सांगायची आहे, कारण तू रोज दुपारी बारा वाजता कंपनीला जहाजाचा ठावठिकाणा कळवतोस. जपानी काफिलेसुद्धा दुपारची जागा बिनतारी संदेशाने कळवत असत. त्यांची सांकेतिक लिपी अमेरिकनांनी फोडली होती. म्हणजे काफिला उद्या दुपारी कुठे असेल हे पाणबुडीच्या कप्तानाला आधीच कळलेलं. आपण शिस्तीने, न चुकता केलेलं काम आपल्याच मुळावर येतं, आणि रक्षक जहाजावरच्या माणसाला ते शेवटपर्यंत कळत नाही.

या सगळ्यात आपली 102 दक्षिणेतल्या काफिल्यांना सोबत करत फिरत होती. अमेरिकन वैमानिकांना ती वरून दिसायची. शत्रूच्या पाण्यात खोलवर, जपानी धुराडं लावलेलं, पण बांध्याने आपलंच वाटणारं हे जहाज कोणतं, अशा बातम्या ते परत येऊन द्यायचे.

आता ऑगस्ट 1944 वर येतो. सिंगापूरकडे निघालेल्या हि-71 या काफिल्याची आठवड्याभरात दैना उडाली होती. सोबतची विमानवाहू नौका 'ताइयो' 18 तारखेच्या रात्री बुडाली. दुसऱ्या दिवशी 'तामात्सु मारू'बरोबर चार हजारांहून जास्त सैनिक गेले. 22 तारखेला मनिलाच्या तोंडाशी 'मात्सुवा', 'हिबुरी' आणि 'सादो' ही तीन रक्षक जहाजं एका सकाळी गेली. त्यातली पहिली दोन बुडवली 'हार्डर' या पाणबुडीने. हार्डरचा कप्तान सॅम्युअल डीली. जूनमध्येच त्याने जपानी विनाशिका बुडवून नाव कमावलं होतं. पाणबुडीने विनाशिकेपासून पळायचं, हा रिवाज. हा समोरून अंगावर जायचा.

24 ऑगस्टच्या पहाटे हार्डर आणि तिची जोडीदार 'हेक' लुझॉनच्या दासोल उपसागराबाहेर पाण्याखाली दबा धरून होत्या. आतून दोन जहाजं बाहेर आली: काइबोकान क्रमांक 22 आणि आपली 102. हेकच्या कप्तानाला 102 ही थायलंडची जुनी विनाशिका वाटली. आपल्याच आरमाराचं, दोन वर्षांपूर्वी सुराबायात बुडवलेलं जहाज समोर उभं आहे, हे पेरिस्कोपमधून कुणाला सुचणार! मोठं जहाज वळून परत उपसागरात गेलं. लहान 22 मात्र पिंग करत, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकत, पुढेच येत राहिलं. पावणेसातच्या सुमाराला हेकला हार्डरचा पेरिस्कोप सहा-सातशे यार्डांवर दिसला. हेक खोल गेली. 7 वाजून 28 मिनिटांनी तिने लागोपाठ पंधरा डेप्थ चार्जचे धमाके ऐकले.

जपानी अहवालात नोंद आहे की त्या जागी पुष्कळ तेल, लाकडाचे तुकडे आणि बूच तरंगत वर आले. हार्डरवर 79 जण होते. एकही वाचला नाही.

या घटनेत कोणाची बाजू घ्यावी, हे मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवावंसं वाटतही नाही. क्रमांक 22 वरच्या माणसांनी दोनच दिवसांपूर्वी गेलेल्या तीन जहाजांची बातमी ऐकलेली. त्यांनी आपलं काम चोख केलं. अमेरिकेच्या अशा 52 पाणबुड्या त्या युद्धात गेल्या. दुसरीकडे जपानच्या जवळपास 170 काइबोकानांपैकी सत्तरच्या वर बुडाली.

102 तगली. नोव्हेंबरमध्ये जपानमधल्या कुरे बंदराला जाऊन विमानविरोधी तोफा वाढवून घेतल्या. परत दक्षिणेला येईतो फिलिपाइन्स हातचं गेलं होतं, वाट बंद. 1945च्या मार्चनंतर तेलाचे काफिलेच थांबले. राखायला काही उरलंच नाही. एप्रिलमध्ये कोरियातल्या मोक्पो बंदरात अमेरिकन विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले, तरी ती तरली. शरणागतीनंतर अमेरिकनांना ती कुरेजवळच्या हिरो उपसागरात उभी सापडली. 29 ऑक्टोबर 1945 रोजी तिच्यावर पुन्हा अमेरिकन झेंडा चढला. स्टुअर्ट हे नाव तर दुसऱ्याला देऊन झालेलं, मग नुसता जुना क्रमांक 224 दिला. खलाशी तिला 'रॅम्प-224' म्हणत. सुटून आलेल्या दोस्त राष्ट्रांच्या युद्धकैद्यांसाठी वापरायच्या सरकारी शब्दांची ती आद्याक्षरं. ते नाव ठेवणाऱ्याला मी मानतो. घरी जाताना ग्वामजवळ इंजिनं बसली, तेव्हा दोर लावून ओढत सॅन फ्रान्सिस्कोला नेली. आणि 24 मे 1946 रोजी नेमबाजीचं लक्ष्य म्हणून बाहेर नेऊन बुडवली. लवकर बुडाली नाही. विमानांतून रॉकेटं झाली, मग तोफांचे गोळे, तेव्हा कुठे गेली.

मला हे सगळं आत्ता का आठवावं? गेल्या वर्षी, 2024 मध्ये, हार्डर आणि स्टुअर्ट दोघींचाही ठावठिकाणा लागला म्हणून. मे महिन्यात हार्डर सापडल्याची बातमी आली: लुझॉनजवळ तीन हजार फुटांपेक्षा खोल, सरळ उभी, मनोऱ्याच्या मागच्या बाजूला डेप्थ चार्जची जखम तेवढी. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे यंत्रमानवी पाणबुड्यांनी स्टुअर्ट शोधली. तीही साधारण साडेतीन हजार फुटांवर, जवळजवळ शाबूत आणि सरळ.

दासोल उपसागर चार्टवर लिंगायेनच्या आखाताच्या नैर्ऋत्येला सापडेल. तुमचा मार्ग किनाऱ्यापासून किती लांबून जातो ते कळव. मला अंतर मोजून बघायचंय. परत आलास की रविवारी घरी ये, माझ्याजवळची कागदपत्रं आणि स्टुअर्टच्या गोदीतल्या पडझडीची चित्रं तुला दाखवायची आहेत. त्या टेकूंबद्दल तुझं मत मला हवंच आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश