मानहाइमहून आईबाबांना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, स्वेटर घालते, रात्री एकटी हिंडत नाही. बाबा, गुडघा आता कसा आहे? ऑपरेशनला दादा-वहिनी होते म्हणून बरं झालं. मार्चमध्ये मी येतेच आहे.

इथली एक तऱ्हा सांगायलाच हवी. इथे जर्मनीत टीव्ही-रेडिओची वर्गणी भरावी लागते, महिन्याला १८.३६ युरो. आणि ती माणसामागे नाही, घरामागे! चौघं राहा नाहीतर एकटे राहा, रक्कम तीच. मी कळवलं, माझ्याकडे टीव्हीच नाही. उत्तर आलं, त्याचा काही संबंध नाही. घर आहे ना, मग भरा. भरतेच आहे तर बघावं, म्हणून रविवारी सव्वाआठला लॅपटॉपवर 'टाटऑर्ट' लावते. १९७० पासून चालू असलेली पोलिसी मालिका. त्यात नदीपलीकडच्या लुडविग्सहाफेनची लेना ओडेनथाल ही अधिकारी १९८९ पासून एकच नटी करते आहे. कामाला बाहेर पडण्यासाठी तिला आधी घरात काही सोसावं लागलं नाही.

आई, तू म्हणालीस, बाईने अरुंधतीसारखं उभं राहावं. मलाही ती आवडायची. पण 'आई कुठे काय करते'मध्ये तिच्या गाण्याला जागा मिळाली ती नवऱ्याचं प्रकरण उघडकीला आल्यावर. 'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या राधिकेच्या मसाल्यांचंही तेच. नवरे चांगले निघाले असते, तर या दोघींनी काय केलं असतं? आपल्याकडे कोणीच वाईट नव्हतं. तरी बँकेतली बढती तू नाकारलीस, कारण बदली नागपूरला होती आणि माझी दहावी होती. अशा बाईची मालिका मला बघायची आहे.

मी एकटी पडलेय असं मावशीला सांगू नकोस. शेजारी साताऱ्याची एक मुलगी आहे, गणपतीत आम्ही दोघींनी मोदक केले. कळ्या नीट पडल्या नाहीत, पण खाल्ले सगळे.

बिल्डरने भाडं थकवलंय हे दादाकडून कळलं. तुम्ही का नाही सांगितलं? पन्नास हजार पाठवले आहेत. परत करायचे नाहीत.

ठाण्याच्या मुलाला मार्चमध्ये भेटेन, नक्की. पण त्यांनी पत्रिकेआधी 'नोकरी सोडणार का' असं विचारलंय. नाही सोडणार, हे तूच कळव. तो इकडे यायला तयार आहे का, तेही विचार. बाबांना आवडणार नाही, तरी विचार.

पैसे जमा झाले की मेसेज कर.

तुमची,
मनू