करार झाला, फोटो छापला, पुढे काय?

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात परत तो फोटो बघितला. चार जण सुटात, मधे फाईल, मागे दोन देशांचे झेंडे आणि खाली ओळ, अमुक कॉलेजचा परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात 31 वर्षं काढली, हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो, त्यामुळे ही फाईल पुढे कुठे जाते ते मला माहितीये. ती नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेसाठी ठेवलेल्या, कपाटात जाते. माझ्या वेळी नॅकला तिसऱ्या क्रायटेरियनमधे कोलॅबोरेशन दाखवावं लागायचं, किती एमओयू म्हणजे असे सामंजस्य करार, त्यातले चालू किती, त्याखाली काय काय केलं, मग पिअर टीम, म्हणजे नॅकची तपासणीची माणसं, यायच्या आधी दोन महिने सगळी धावपळ, अरे तो मलेशियावाला करार कुठाय, त्याचा रिपोर्ट कोणी लिहिलाय का, नसेल तर आज लिहा.

आमच्याकडे असे 11 करार होते. त्यातल्या एकाखाली खरंच दोन मुली सहा आठवडे बाहेर जाऊन आल्या, त्याही बॉटनीच्या एका मॅडमची तिकडच्या प्रोफेसरशी जुनी ओळख होती म्हणून. मॅडम रिटायर झाल्या आणि करार तिथेच संपला, कागदावर मात्र अजून चालूच आहे.

इंटरनॅशनल कॉन्फरन्सचंही तेच. लॉकडाऊननंतर तर सोपंच झालं, झूमवर बॅनर लावायचा, रजिस्ट्रेशन फी घ्यायची, ईमेलने सर्टिफिकेट. एकदा आमचे कीनोट स्पीकर म्हणजे आमच्याच एका सरांचा भाचा निघाला, न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमधे असतो, बिचारा तिकडे मध्यरात्री उठून बोलला, चांगला बोलला, पण विषय होता सह्याद्रीतली जैवविविधता.

आता कोणी म्हणेल रिटायर झाल्यावर हा माणूस खुसपटं काढतोय. तसं नाही हो. खरं काम होतच नाही असं मी म्हणत नाहीये, उलट पुण्यात ते भरपूर होतं म्हणून तर चीड येते. डेक्कन कॉलेजचं बघा, हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकाळच्या उत्खननात कोरियाचे शास्त्रज्ञ बरोबर होते, तिथल्या सांगाड्याच्या डीएनएवर हार्वर्डवाल्यांबरोबर काम झालं आणि 2019 मधे तो पेपर सेल नावाच्या जर्नलमधे आला. त्याच्या निष्कर्षांवरून भांडणं झाली ती वेगळी, पण काम झालं ना. आपल्या पुणे विद्यापीठाने मेलबर्न विद्यापीठाबरोबर बीएस्सी ब्लेंडेड काढली, कतारला दोह्यात कॅम्पस काढला. आणि 2018 ला विद्यापीठातल्याच लोकांनी कॅनडातल्या एका संशोधकाला बरोबर घेऊन यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य जर्नल्सची यादी तपासली तेव्हा विद्यापीठांकडून आलेल्या ज्या 1009 जर्नल्सची नीट छाननी झाली त्यातली 88 टक्क्यांहून जास्त साध्या निकषांनाही उतरली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीने 4305 जर्नल्स यादीतून काढली. त्यातल्या कितीतरी जर्नल्सच्या नावातच इंटरनॅशनल जर्नल ऑफ असं होतं आणि पत्ता कुठला तर आपल्याकडच्याच एखाद्या अपार्टमेंटमधला फ्लॅट. आमच्या स्टाफरूममधे त्या दिवशी फार शांतता होती.

माझं गाव नारायणगावच्या बाजूचं. खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटरच्या 30 डिश, 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, आमच्याकडे लोक नुसतं दुर्बीण म्हणतात. 2002 पासून जगातल्या कुठल्याही देशातल्या खगोलवाल्याने प्रपोजल पाठवायचं, कमिटीला पटलं की वेळ मिळतो. त्याच डिशचा डेटा युरोपवाल्यांच्या डेटाबरोबर जोडून 2023 ला अवकाशातल्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे मिळाल्याचा मोठा निकाल आला. म्हणजे आंतरराष्ट्रीय संशोधन ऊस आणि टोमॅटोच्या शेतांच्या मधे उभं आहे. आमच्या कॉलेजची फिजिक्सची पोरं तिथे 31 वर्षांत दोनदा गेली, तीही फेब्रुवारीत सायन्स डेला, बसने, आणि संध्याकाळी वडापाव खाऊन परत. त्याच सुमाराला प्राचार्य मात्र करारासाठी बँकॉकला जाऊन आले.

आणि जे परदेशी विद्यार्थी आपल्याकडे येतात त्यांचं काय, ते तर मी खिडकीवरून बघितलंय. देशभरात 2021-22 ला सुमारे 47 हजार परदेशी विद्यार्थी होते आणि आपली बाहेर जाणारी पोरं लाखांत. पुण्यात एके काळी इराणी मुलं खूप, मग अफगाणिस्तान, येमेन, आफ्रिकेतली. येमेनचा एक मुलगा आमच्याकडे बीकॉमला होता. फी आपल्या पोरांपेक्षा कितीतरी जास्त. व्हिसा वाढवायला त्याला कॉलेजचं बोनाफाईड, हजेरी, रिझल्ट सगळं ऑनलाईन टाकायचं होतं, परदेशी माणूस आपल्याकडे राहतो हे कळवणारा सी फॉर्म तेव्हा घरमालकाने भरायचा, आपल्याकडे शिकतो हे कळवणारा एस फॉर्म कॉलेजने. घरमालक म्हणतो मला ते जमत नाही, कॉलेजात इंटरनॅशनल सेलची पाटी आहे पण सेलचे सर मंगळवार-शुक्रवार बसतात आणि सहीचा अधिकार प्राचार्यांना, ते बाहेरगावी. तारीख टळायला तीन दिवस राहिलेले, पोरगा खिडकीत उभा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट, मला अंकल म्हणायचा. शेवटी मी प्राचार्यांच्या घरी जाऊन सही आणली. तिकडे त्याच्या देशात युद्ध चालू, इकडे आम्ही त्याला उद्या या म्हणतोय. यूजीसीने 2021 लाच सांगितलंय की परदेशी विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय काढा. आमच्याकडे कार्यालय म्हणजे ती पाटी आणि एक कॉम्प्युटर, त्याचा पासवर्ड फक्त सरांना माहीत.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांत परदेशी विद्यापीठाबरोबर ट्विनिंग, जॉईंट आणि ड्युअल डिग्री असे प्रकार आलेत, ट्विनिंगमधे, म्हणजे थोडं इकडे थोडं तिकडे शिकायचं त्यात, 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे गुणांक, तिकडे करता येतात, कागदावर छान आहे. पण क्रेडिट ट्रान्सफर म्हणजे काय तर कोणीतरी बसून दोन सिलॅबस समोरासमोर ठेवायचे, मार्कांचे ग्रेड करायचे, परीक्षा विभागाशी भांडायचं, वर्षभर. या कामाचा फोटो निघत नाही, आणि त्याला माणूसही दिला जात नाही कारण कितीतरी जागा रिकाम्या, सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे घेणाऱ्या शिक्षकांवर, गाडी चालू. आता नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं येतायत, तेव्हा तर आपल्या कॉलेजांना आणखीच घाई सुटेल.

म्हणून आपल्याला एक विनंती. करार झाला की फोटो छापता, छापा. फक्त डायरीत तारीख लिहून ठेवा आणि बरोबर एका वर्षाने बातमीदार पाठवा, त्याने दोनच गोष्टी विचारायच्या, किती पोरं गेली किंवा आली आणि त्यांचे क्रेडिट धरले का. उत्तर मिळालं तर तेवढ्याच कॉलममधे छापा, नाही मिळालं तर तसं छापा.

तो येमेनचा मुलगा आता जॉर्डनमधे असतो. मागच्या महिन्यात त्याचा व्हॉट्सॲप आला, अंकल, ट्रान्सक्रिप्ट पाहिजे, कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा. मी कॉलेजला फोन लावला, कोणी नवीन मुलगा होता, म्हणाला इंटरनॅशनल सेल ना, ते सर कराराच्या कार्यक्रमाला गेलेत, सोमवारी करा.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, पुणे