किमान तापमान वेधशाळा मोजते, बाजार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

न्यूयॉर्क-शिकागोच्या किमान तापमानावर लागणाऱ्या पैजांविषयीचा कालच्या अंकातला लेख वाचला. ‘बाजाराचा अंदाज हवामान खात्यापेक्षा अचूक’ हे वाक्य आपण चौकटीत छापले आहे. वेधशाळेत उभी हयात घालवलेल्या माणसाला ते झोंबले.

या बाजाराला स्वतःचे असे काय ठाऊक असते? ‘कालशी’ या अमेरिकी पैजांच्या बाजारात निकाल लागतो तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या दैनंदिन अहवालावर. न्यूयॉर्कसाठी सेंट्रल पार्कचा आकडा, शिकागोसाठी मिडवे विमानतळाचा. पैज लावणारे ज्या संगणकी हवामान-मॉडेलांचे नकाशे रात्र रात्र चाळतात, तीही बहुतांशी सरकारी पैशावर चालणारी. त्याच हवामान सेवेत 2025 मध्ये नोकरकपात झाली, काही ठिकाणी वरच्या हवेचे तापमान, वारे मोजणारे फुगे सोडणे कमी करावे लागले. लेखात याचा उल्लेखही नाही.

लेखकाने सगळीकडे ‘पहाटेचे तापमान’ म्हटले आहे, तेही चूक. तिथला दिवस मध्यरात्र ते मध्यरात्र धरतात आणि तोही बाराही महिने प्रमाणवेळेने. उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे असली की तो रात्री एक ते एक होतो. संध्याकाळी थंड वारे घुसले तर दिवसाचा नीचांक रात्री पावणेबारालाही नोंदला जातो. पहाटेचा आकडा पाहून निश्चिंत झालेल्या नवशिक्याचे पैसे तिथेच बुडतात.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. माझ्या नोकरीत एका थंडीत गावातले एक व्यापारी रोज सकाळी साडेआठच्या सुमारास फाटकाशी येऊन उभे राहत. “आज किती?” एवढेच विचारीत. मला वाटले, हौस असेल. किमान तापमापी वाचताना डोळा जरा इकडे-तिकडे झाला तरी दशांश बदलतो. नळीतल्या द्रवात नीचांकाची खूण धरून राहणाऱ्या काडीचे, तापमापीच्या बल्बपासून लांबचे टोक वाचायचे, वहीत लिहायचे, मगच तापमापी तिरकी करून काडी जागेवर आणायची. एके दिवशी 9.8 अंश आले. गृहस्थ म्हणाले, “साहेब, दहा लिहा की. दोन दशांशानं कुणाचं काय बिघडतं?” दहाच्या आत की बाहेर, अशी पैज लागली होती! मी त्यांना तिथून घालवले आणि वरिष्ठांच्या कानावर घातले. वरिष्ठ हसले. त्या हसण्याचा संताप आजही जात नाही.

आता यंत्रे मोजतात हे खरे. पण यंत्रही कुठल्यातरी कुंपणाआड उघड्यावरच उभे असते आणि एकेका अंशावर पैसा लागला की त्या कुंपणाशी कोण घुटमळेल याचा विचार करायला नको? आपल्याकडे हा विचार फार पूर्वीच झाला आहे. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा काढून पाहा. जुगाराच्या अड्ड्याच्या व्याख्येत पाऊस पडणे-न पडणे, पावसाचे प्रमाण, इतर नैसर्गिक घटना, सगळे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या लेखकाला मात्र ही ‘नवी कल्पना’ वाटते.

आणखी एक. थंडी पडली की आपण शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव यांतला सर्वांत कमी आकडा उचलून ‘पुणे गारठले’ असा मथळा देता. या केंद्रांत एकाच सकाळी काही अंशांचा फरक असतो. येत्या थंडीत आकड्याशेजारी केंद्राचे नाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त हवामान निरीक्षक, पुणे